पोस्टमनचा ‘म’

माझं नाव ‘म’नं सुरू होतं. पुढचं इथं सांगत नाही. तसं पाहिलं तर आयुष्यातली बरीच वर्षं मला ते कुणालाच धड सांगता आलेलं नाही. कुणी नाव विचारलं की माझे ओठ मिटायचे आणि उघडायचेच नाहीत. समोरचा माणूस आधी हसून वाट बघायचा, मग इकडंतिकडं बघायचा आणि शेवटी माझ्याबरोबर जो कुणी असेल त्याला विचारायचा, "ह्याला बोलाय येत न्हाई व्हय?"

आम्ही कागलचे. वडील मी चौथीत असताना गेले. आईनं दोन म्हशींवर घर चालवलं. संध्याकाळी ती धार काढायला बसली की मला समोर पोत्यावर बसवायची आणि शिळ्या वर्तमानपत्राचे मथळे मोठ्यानं वाचायला लावायची. मी अडलो की ती थांबायची. धार काढायचे हातसुद्धा थांबायचे. पण माझा अर्धा राहिलेला शब्द तिनं कधी पुरा केला नाही. शाळेतले मास्तर करायचे, शेजारपाजारचे करायचे, ती कधीच नाही. जोतिबालाही ती मला दोनतीनदा घेऊन गेली, नवस बोलली, पण तिचा खरा भरवसा त्या वर्तमानपत्रावरच असावा.

कॉलेजसाठी मी कोल्हापूरला एसटीनं यायला लागलो. परतताना कंडक्टर समोर उभा राहिला की ‘कागल’ हा शब्द घशात रुतून बसायचा. ‘क’शीही माझं वैर होतं. गाडी भरलेली, माणसं खोळंबलेली, आणि मी नुसता तोंडाकडं बघत. मग मी कागलच्या अलीकडच्या थांब्याचं नाव, ‘लक्ष्मी टेकडी’, म्हणायला लागलो. ते सरळ निघायचं. टेकडीला उतरायचं आणि हायवेच्या कडेनं घरापर्यंत चालत जायचं. तीन वर्षं मी असा चाललो.

त्याच कॉलेजात एका एकांकिकेत हवालदार कमी पडत होता. दोनच वाक्यं होती. मला कुणीतरी ढकललं. अंगात खाकी शर्ट, हातात काठी, समोर दीडशे पोरं, आणि मी दोन्ही वाक्यं खणखणीत बोललो. मी विंगेत आलो. मी तिथंच खाली बसलो. मी जे बोललो त्यात दोन ‘म’ होते आणि एक ‘क’ होता, आणि ते कुठंच अडले नव्हते.

दुसऱ्याचं नाव घेऊन बोलायला लागलं की माझी जीभ सुटते, हे मला त्या दिवशी कळलं. त्यानंतर मी पंचवीस वर्षं हौशी नाटकं केली. एका साखर कारखान्याच्या शेती ऑफिसात कारकुनी, आणि संध्याकाळी तालीम. स्टेजच्या बाहेर मी युक्त्या शिकलो. ‘म’ समोर दिसायला लागला की वाक्यच बदलायचं. ‘मला पाहिजे’ऐवजी ‘हवं होतं जरा’. नावाच्या आधी आडनाव सांगायचं. बोलण्याआधी ‘हे बघा’ म्हणायचं. लोक म्हणायचे, माणूस तोलून बोलतो. मी तोलत नव्हतो. मी सतत पुढच्या शब्दाला घाबरत होतो.

मी अठ्ठेचाळीस वर्षांचा असताना मुंबईहून एक कंपनी विनोदी मालिका करायला कोल्हापुरात आली. गोष्ट एका खानावळीची होती. चित्रीकरण कळंब्याकडच्या एका बंगल्यात होणार होतं आणि छोट्या भूमिकांसाठी इथलेच कलाकार घ्यायचे ठरलं होतं. राजारामपुरीतल्या एका हॉलमध्ये ऑडिशन होती. मी पोस्टमनच्या कामासाठी गेलो. चार वाक्यं पाठ केली होती. ती मला छान जमली असती.

पण कॅमेरा सुरू झाल्यावर दिग्दर्शक म्हणाला, "काका, आधी कॅमेऱ्यात बघून नाव सांगा."

मुलगा तिशीतला होता, हसतमुख. मी तोंड उघडलं. "म..." आणि अडलो. "म... म... म..." मला वाटलं, आता उठावं आणि घरी जावं. तेवढ्यात दिग्दर्शक हसला. त्याच्या शेजारचे दोघं हसले. आणि ते माझी टिंगल करत नव्हते. त्यांना खरंच मजा आली होती.

"अहो काका, जबरदस्त!" तो म्हणाला. "पोस्टमन निरोप घेऊन येतो आणि त्याला पहिला शब्दच फुटत नाही! हे तुम्ही आत्ता काढलंत?"

मला तेव्हा सांगता आलं असतं. मी म्हणालो, "तुम्हाला आवडलं असेल तर ठेवूया."

ते वाक्य एकदाही न अडखळता निघालं.

पोस्टमनला एक ठरलेलं वाक्य मिळालं. तो धावत दारात यायचा, हातात पत्र किंवा पार्सल, आणि म्हणायचा, "म-म-महत्त्वाचं हाय!" मग पुढचा शब्द अडायचा आणि तोवर खानावळीतल्या सगळ्यांनी भलतंच काहीतरी समजून धावपळ केलेली असायची. त्याला ‘मेथी’ म्हणायचं असायचं, आत कुणी मेल्याची रडारड सुरू. दर भागात दोनतीन मिनिटं. पहिल्या दोन महिन्यांत कोल्हापुरात मला कुणी ओळखत नव्हतं. चौथ्या महिन्यात मी मंगळवार पेठेत दूध आणायला गेलो आणि कुस्तीच्या तालमीसमोर बसलेली पाचसहा माणसं एका सुरात ओरडली, "म-म-महत्त्वाचं हाय!" मी हात केला. परत येताना ती गल्ली टाळून मी लांबून आलो, पण आनंदही झाला होता. दोन्ही खरं आहे.

कारखान्याची नोकरी मी सोडली. बायकोला विचारलं तेव्हा तिनं पिको-फॉलचं मशीन थांबवलं आणि एवढंच म्हणाली, "अवं, त्यांना खरं सांगितलंय न्हवं?"

"सांगतो की," मी म्हणालो.

ते राहूनच गेलं. पहिल्या वर्षी वाटलं, आत्ता सांगितलं तर काम जाईल. दुसऱ्या वर्षी एका मंडळानं सत्कार केला आणि मी वीस मिनिटं भाषण केलं. ते भाषण मी शब्दन् शब्द पाठ केलं होतं, एखाद्या पुढाऱ्याची भूमिका करावी तसं. निवेदक म्हणाला, "बघा, एवढं अस्खलित बोलणारा माणूस पडद्यावर कसा अडखळतो! याला म्हणतात अभिनय." टाळ्या पडल्या. त्यानंतर सांगायचं तोंडच उरलं नाही.

आई तेव्हा कागललाच होती. टीव्ही मीच घेऊन दिला होता. एका सुट्टीच्या दिवशी मी तिच्याकडं गेलो असताना मालिका लागली. पोस्टमन दारात आला तशी ती उठून स्वयंपाकघरात गेली. माझं काम संपल्यावर बाहेर आली. दुसऱ्या वेळी पुन्हा तसंच झालं, तेव्हा मी आत गेलो. ती ओट्याला टेकून नुसती उभी होती.

"आई, आवडत न्हाई व्हय तुला?"

ती ओटा पुसायला लागली. मग म्हणाली, "पंधरा वर्सं तुझ्या तोंडाकडं बघत काढली मी. एक एक शबूद येस्तोवर जीव वर-खाली व्हायचा माझा. आता तू त्येच इकायला लागलायस व्हय?"

मी म्हणालो, उशीर झालाय, आणि निघालो.

तिसऱ्या वर्षी ते अडणं परत आलं.

आधी फोनवर आलं. गॅसचा नंबर सांगताना अडलो. मग दारात आलेल्या पाहुण्याला ‘बसा’ म्हणताना अडलो, आणि ‘ब’नं मला आजवर कधी त्रास दिला नव्हता. जुन्या युक्त्या चालेनात. एक शब्द बदलावा तर दुसराही अडायचा. मी फोन बायकोकडं द्यायला लागलो. ती बोलायची आणि फोन ठेवल्यावर माझ्याकडं बघायची.

तरीही मला वाटत होतं की सेटवर हे येणार नाही. खाकी शर्ट घातला की मी सुरक्षित होतो, तीस वर्षं होतो. पण एका सकाळी ते तिथंही आलं.

पोस्टमन अडखळायचा ते मी रचलेलं होतं. हलकं, तालात, तीन ‘म’ आणि मग शब्द. खरं अडणं तसं नसतं. खरं अडलं की आवाजच येत नाही. ओठ चिकटतात, मानेची शीर फुगते, डोळे आपोआप बाजूला वळतात. त्या दिवशी ‘महत्त्वाचं हाय’ झालं आणि पुढच्या साध्या वाक्यावर मी बंद पडलो. वाक्य होतं, "मालकीणबाई, तुमच्या भावाचं पत्र." सेटवर शांतता. पाच सेकंद, सहा सेकंद. कुणी हसलं नाही, कारण त्यात हसण्यासारखं काही नव्हतंच.

"कट," दिग्दर्शक म्हणाला. "काका, लाईन गेली का?"

मी मान हलवली. हो, वाक्य विसरलो.

असिस्टंट मुलीनं कागद आणून दाखवला. मी तो वाचल्यासारखं केलं. पुन्हा घेतलं, पुन्हा अडलो, पुन्हा कागद आला. चौथ्या वेळी खानावळीच्या मालकिणीचं काम करणाऱ्या बाईंनीच वाक्य ओढून घेतलं. "काय ओ पोस्टमन, माझ्या भावाचं पत्र हाय व्हय?" त्या म्हणाल्या आणि मी मान डोलावली. शॉट ओके झाला. या बाई कोल्हापूरच्याच, माझ्याहून मोठ्या, रंगभूमीवर वय घालवलेल्या. नंतर त्यांनी चहा घेताना माझ्याकडं नीट पाहिलं, पण काही विचारलं नाही.

पुढचे पाच महिने असेच गेले. रोज संध्याकाळी दुसऱ्या दिवशीचे सीन मोबाईलवर यायचे आणि मी त्यांच्या प्रिंट काढून आणायचो. मी ते आधी वाचायचोच नाही, नुसती अक्षरं शोधायचो. ‘म’ किती, ‘क’ किती, आता ‘ब’ आणि ‘प’ही. लाल पेनानं खुणा करायचो. खुणा इतक्या व्हायच्या की पान गोवर आल्यासारखं दिसायचं. जेवण जायचं नाही. बायको म्हणायची, "उद्या सांगा." मी म्हणायचो, उद्या सांगतो. सकाळी कळंब्याच्या रस्त्याला लागलो की वाटायचं, गाडी पंक्चर झाली तर बरं होईल.

युनिटमध्ये बोलणं सुरू झालं की काकांचं पाठांतर गेलं. मेकअप करणारा माणूस एकदा सहानुभूतीनं म्हणाला, "वय झालं की व्हतंय, रोज बदाम खावा." मी बदाम खातो म्हणालो. मला ते सोयीचंच होतं. विसराळू म्हणवून घ्यायला मी तयार होतो. तोतरा म्हणवून घ्यायला नव्हतो, आणि तेही तोतऱ्याचंच काम करत असताना. लेखकानं माझी वाक्यं कमी केली. तीनची दोन, दोनचं एक. ‘महत्त्वाचं हाय’ मात्र कुणी काढलं नाही.

आणि मग एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत ते दोघं आले.

बंगल्याच्या मागच्या अंगणात आम्ही ताटं घेऊन बसलो होतो. फाटकावरच्या वॉचमननं हाक मारली, "काका, चंदगडासनं पावणं आल्यात तुमच्याकडं." पन्नाशीतला एक माणूस, पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी. मागं शाळेच्या गणवेशातली बारा-तेरा वर्षांची मुलगी, नजर खाली. सकाळच्या पहिल्या एसटीनं निघून ते आले होते. त्यानं पिशवी माझ्या पुढ्यात ठेवली. "घरच्या झाडांचं काजू हाईत."

मला वाटलं, फोटो काढायचा असेल. मी हात पुसले.

"फोटू नगं," तो म्हणाला. "काम हाय थोडं. ही माझी लेक. सातवीत हाय. हिची जीभ अडकती."

मी मुलीकडं पाहिलं. तिनं पाहिलं नाही.

"तुमचं भाषाण बघितलं मोबाईलवर. सत्काराचं. काय बोलताय ओ! एकदाबी अडकला न्हाई. आनि मालिकंत किती अडकताय. मग माझ्या ध्येनात आलं, तुमी पायजे तवा अडकताय आनि पायजे तवा सोडताय. म्हंजे ते सोडायचं कसं, तुमास्नी ठावं हाय. तेवडं हिला शिकवा."

आजूबाजूचे लोक ऐकत होते. कुणीतरी म्हणालं, "काका, आता क्लास काढा." हशा झाला.

"साळंत पोरं तुमचंच वाक्य म्हणत्यात हिला," तो सांगत होता, तक्रारीच्या सुरात नव्हे, घरची हकीकत सांगावी तसा. "वर्गात शिरली की चालू. त्यात तुमची काय चूक न्हाई, तुमचं कामच हाय ते. पर जूनपासनं साळंत तोंडच उघडंना झालीया. साळंतल्या बाई म्हणत्यात, तोंडी परीक्षा कशी घ्यायची हिची?"

मला म्हणायचं होतं, मला येत नाही ओ. एवढंच वाक्य. पहिलाच शब्द ‘मला’. ओठ मिटले ते मिटले. मी जोर लावला. मान ताठ झाली. उजवा डोळा मिटायला लागला, लहानपणी मिटायचा तसा. बाप आधी कौतुकानं हसला. त्याला वाटलं, मी पोस्टमन करून दाखवतोय. सेटवर चहा-पाणी देणारे दोघं हसले. "काका फुल फॉर्मात!"

ती मुलगी मात्र हसली नाही. तिनं पहिल्यांदाच मान वर केली होती आणि ती माझ्या तोंडाकडं बघत नव्हती, गळ्याकडं बघत होती. मग तिनं बापाची बाही ओढली.

"बा," ती म्हणाली, "ह-ह-हसू नगंस. त्येंचं ख... खरं हाय."

हसणं एकदम थांबलं. मी अजून अडलेलोच होतो. कुणी माझं वाक्य पुरं केलं नाही. ते मालकीण करणाऱ्या बाईंनी केलं असतं, त्या पुढं झाल्याही होत्या, पण मुलगी तशीच स्थिर उभी राहून वाट बघत होती, म्हणून त्याही थांबल्या. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. मला तो वेळ फार मोठा वाटला.

"मला," मी शेवटी म्हणालो, "मला पण अडतं. लहानपणापासनं. शिकवायला मला येत न्हाई."

बाप माझ्याकडं बघत राहिला. "मग ते भाषाण?"

"पाठ केलं होतं."

तो खाली बसला, पायरीवरच. त्याची मोठी निराशा झाली होती आणि ती लपवायचा त्यानं प्रयत्न केला नाही. एवढ्या लांबून येऊन त्याला औषध नव्हे, अजून एक रोगी भेटला होता. मुलगी मात्र माझ्यासमोरून हलली नाही. तिनं विचारलं, "म-मोठं झाल्यावर बी ऱ्हातंय?"

खोटं बोलावंसं वाटलं. "माझं ऱ्हायलं," मी म्हणालो.

तेवढ्यात असिस्टंट मुलीनं सीनसाठी बोलावलं. पोस्टमनची एन्ट्री. मी खाकी शर्टाची बटणं लावत दारापर्यंत गेलो. दिग्दर्शक मॉनिटरपाशी होता. त्याला अंगणातलं काही ठाऊक नव्हतं. त्याच्या मागं, वायरींच्या पलीकडं, बाप-लेक उभी होती. कुणीतरी त्यांना शूटिंग बघायला उभं केलं होतं.

"ॲक्शन."

मी दारात गेलो, तोंड उघडलं आणि मला ते तालातलं ‘म-म-म’ करता येईना. जीभ अडली नव्हती. करवेना, एवढंच. मी पत्र हातात धरून उभा राहिलो. कट झालं. मी दिग्दर्शकाकडं गेलो आणि म्हणालो, "आज ते वाक्य नको."

"का? काय झालं काका?"

मग मी त्याला सगळं सांगितलं. ऑडिशनपासून. मध्ये तीनदा अडलो. तो तरुण पोरगा हेडफोन गळ्यात घालून ऐकत होता आणि त्याचा चेहरा उतरत गेला.

"म्हणजे त्या दिवशी तुम्ही नाव सांगत होतात?"

"हो."

"आणि आम्ही हसलो."

"मीच हसू दिलं तुम्हाला," मी म्हणालो. "तुमची त्यात काही चूक नाही." आणि लगेच जाणवलं की हेच वाक्य थोड्या वेळापूर्वी मला मुलीच्या बापानं ऐकवलं होतं.

त्या दिवशी माझा सीन झाला नाही. मी बाप-लेकीला मध्यवर्ती स्टँडवर सोडायला गेलो. एसटीत चढताना बापानं नंबर मागितला, तोही मला वाटतं रीत म्हणून.

त्या संध्याकाळी मी कागलला गेलो आणि आईला सांगितलं. तिनं माझ्याबद्दल काहीच विचारलं नाही. "पोरगी जेवली व्हती का?" एवढंच विचारलं. मी म्हणालो, स्टँडवर वडापाव खाल्ला. "बरं केलंस," ती म्हणाली आणि टीव्ही लावला.

आठवड्याभरात चॅनेलच्या लोकांनी व्हिडिओ कॉलवर मीटिंग घेतली. सगळे फार अदबीनं बोलत होते. आम्हाला तुमच्याबद्दल आदर आहे, असं एक बाई तीनदा म्हणाल्या. मी विचारलं, पोस्टमन खरोखर अडतो आणि खानावळीतली माणसं नुसती वाट बघतात, असा एक सीन करता येईल का? लेखकानं तो लिहिला. चांगला लिहिला होता. आम्ही चित्रितही केला. मालकीणबाई माझ्यासमोर उभ्या, मी अडलेलो, आणि मागं भात शिजतोय. प्रक्षेपणात त्याचे काही क्षणच राहिले. एडिटरनं सांगितलं, शांतता फार होती, लोक चॅनेल बदलतात.

मग पोस्टमननं मौनव्रत घेतलं. गळ्यात पाटी अडकवून मी खडूनं लिहून निरोप द्यायचो. बायको म्हणाली, "पाटीवर तरी अडत न्हाई न्हवं?" आणि आम्ही दोघंही बऱ्याच दिवसांनी मोठ्यानं हसलो. लोकांना पाटी आवडली. पण मला ती फार जड झाली होती. तोंड बंद ठेवून मी सुरक्षित होतो आणि त्याचीच भीती वाटत होती, की असाच कायमचा बसेन. दोन महिन्यांनी गोष्टीत पोस्टमनची बदली झाली आणि माझं काम संपलं. त्यानंतर चारपाच महिन्यांत मालिकाही संपली.

शाहूपुरीत एका पहिल्या मजल्यावर वाचा-उपचार करणाऱ्या डॉक्टर बाई बसतात. मी तिथं गेलो तेव्हा वेटिंग रूममध्ये सगळी पाच-सहा वर्षांची मुलं होती आणि मी. एका आईनं मला ओळखलं आणि ओशाळून मान वळवली. डॉक्टर बाईंनी महिनाभर ऐकून घेतल्यावर सांगितलं, "हे जाईल असं मी म्हणणार नाही. पण तुमची निम्मी ताकद लपवण्यात जाते. ते थांबवा." मग त्यांनी काम दिलं. रोज एका अनोळखी माणसाकडं जायचं आणि आपण अडखळतो हे आधीच सांगून बोलायचं.

मला इतकं अवघड काम कुणी दिलं नव्हतं. पहिले चार दिवस मी भाजी मंडईला नुसत्या चकरा मारल्या. पाचव्या दिवशी एका भाजीवालीसमोर उभा राहिलो. तिनं ओळखलं, "अगं बाई, पोस्टमन! काय म-म-महत्त्वाचं हाय?"

"मेथी पाहिजे," मी म्हणालो, "आणि मावशी, मला खरंच अडतं. नाटक न्हाई ते."

मेथीच्या दोन जुड्या निवडून तिनं माझ्या पिशवीत टाकल्या. "माझा धाकटा भाऊ बी तसाच व्हता," ती म्हणाली. "आमी लई चिडवायचो त्येला." आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळली. मी घरी आलो तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता.

चंदगडहून फोन येईल असं मला वाटलं नव्हतं. तो मुलीनंच केला, बापाच्या मोबाईलवरून. आता दर रविवारी सकाळी आम्ही व्हिडिओवर वाचतो. आधी ती वर्तमानपत्राचे मथळे, मग मी. कुणी कुणाचा शब्द पुरा करायचा नाही, एवढाच नियम. ती आता नववीत आहे. मध्यंतरी तिनं रागानं सांगितलं की तोंडी परीक्षेत ती कवितेच्या दुसऱ्या ओळीवर अडली, बाई थांबल्या, सगळा वर्ग थांबला, आणि तरी शब्द आला नाही. ती तशीच खाली बसली. "तुमी म-म्हणाला व्हता, ल-लपवू नगं. म्हणून ग्येलो मी फुडं." मी सॉरी म्हणालो. थोडा वेळ पडद्यावर नुसतं तिचं कपाळ दिसत होतं. मग तिनं पेपर उघडला.

सध्या मला एका नव्या मालिकेत वकिलाचं काम आहे. उद्या कोर्टातला सीन आहे, दोन पानं, सगळी माझीच. या दिग्दर्शिकेला मी पहिल्याच दिवशी सांगितलं. ती म्हणाली, "काही हरकत नाही काका, लागेल तेवढा वेळ घ्या." तिनं ते मनापासून म्हटलं असावं. पण दहा माणसं उभी असतात, लाईट तापलेले असतात, आणि लागेल तेवढा वेळ म्हणजे किती, हे कुणीच मोजून पाहिलेलं नसतं. सकाळी सातला सेटवर हजर व्हायचं आहे. बायकोनं काळा कोट इस्त्री करून दाराच्या खिळ्याला लावलाय. यावेळी मी पानांवर लाल खुणा केलेल्या नाहीत. त्या न करताही कुठं कुठं काय आहे ते मला दिसतंय.